पट्टीखालची फट आधी बुजवा

गेल्या डिसेंबरात गोराईच्या एका वाडीत गेलो होतो. पंधरा-वीस आंबे, किडे वर चढू नयेत म्हणून प्रत्येकाच्या बुंध्याला चकचकीत चिकट पट्टी, आणि तरी वर मोहोराच्या देठांवर पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारा पांढरा किडा) कापसासारखा बसलेला. मालक म्हणाले, "साहेब, दुकानदाराने भारीतली दिली होती." मी खाली बसून पाहिलं. सालीच्या एका खोल भेगेतून, पट्टीच्या मागून, बारीक पिल्लांची रांग आरामात वर चालली होती. पट्टीला एकही चिकटलेलं नव्हतं.

दरवर्षी हेच बघतो. पट्टी चांगली, फट उघडी.

जुन्या आंब्याची साल खडबडीत असते. पट्टी भेगांवरून ताणली जाते, आत शिरत नाही. म्हणून आधी बुंध्याचा वीतभर रुंद पट्टा गोणपाटाने घासून सैल खपल्या काढा (कोयत्याने तासू नका) आणि भेगांत शेण-मातीचा काला दाबून भरा. तो सुकला की जमिनीपासून फूटभर उंचीवर 400 गेज जाडीचं प्लॅस्टिक, 25 ते 30 सेंमी रुंद, घट्ट गुंडाळा. वर-खाली सुतळीने बांधा. खालची कडही काल्याने लिंपून घ्या. ग्रीस फक्त प्लॅस्टिकवर, चार बोटं रुंद. सालीला ग्रीस फासलं तर साल खराब होते, कोवळ्या कलमांची तर हमखास.

उशीर नको. जमिनीत अंडी घालणाऱ्या जातीची पिल्लं डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि बुंध्यावरून चढतात. पहाटे चादर ओढावीशी वाटली की आठवड्याभरात ती चढायला लागतात, असा माझा अंदाज आहे. याला शास्त्राचा आधार मागू नका. एकदा वर गेली की पट्टी नुसती शोभेची.

महागड्या रोलवर कधीकधी ऑक्टोबरात लावा असं छापलेलं असतं. तो हिशोब विलायतेतल्या सफरचंदांचा. तिथे पंख नसलेली पतंगाची मादी त्या सुमारास खोडावर चढते. आपल्याकडे ऑक्टोबरात लावलेलं ग्रीस डिसेंबरपर्यंत धुळीने भरून जातं आणि किडे त्या धुळीवरूनच चालत जातात. गॅरेजमधलं साधं ग्रीस पुरतं. उंदराचा गोंद लावू नका, त्यात पाली आणि खारीची पिल्लं अडकतात. आणि तुडतुड्यांवर (मोहोराचा रस शोषणाऱ्या दुसऱ्या किडीवर) इलाज म्हणून कोणी पट्टी विकत असेल तर हात जोडा. तुडतुडे उडतात.

फटीसारखीच दुसरी चोरवाट म्हणजे पूल. नाताळात अंगणातल्या आंब्यावर दिव्यांची माळ चढते, तिची वायर जमिनीवरून थेट फांदीला. सोसायटीत कंपाउंडला टेकलेली फांदी, केबल, कपड्यांची दोरी. मुंगळे अशा वाटा लगेच शोधतात. आणि मुंगळे चढले की ढेकणांचं फावतं, कारण ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी ते त्यांची राखण करतात, ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. वायरीलाही ग्रीसचा बोळा बांधा. फांदी छाटायची तर मुंबईत पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे. तोवर टेकलेल्या जागेशी पट्टी बांधा.

बाकीची कामं:
– आळ्यातली माती हलकी उकरून अंडी उन्हात आणणे
– तण, पालापाचोळा, वाळक्या काटक्या काढणे
– आठवड्याला पट्टी पाहणे, धूळ बसली की ग्रीस पुसून नवं लावणे
– पट्टीखाली जमलेली पिल्लं फडक्याने पुसून साबणाच्या पाण्यात टाकणे

वर चढलेच असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क, किंवा व्हर्टिसिलियम लेकॅनी (किडे मारणारी बुरशी) 5 ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी हवेत ओल असताना. त्यात बुरशीनाशक मिसळू नका, उपयोगी बुरशीच मरेल. दुकानदार तीन बाटल्यांचं "कॉम्बिनेशन" पुढे करेल. आधी बुंध्याशी बसून रांग कुठून जाते ते पाहा.

एप्रिल-मे मध्ये माद्या अंडी घालायला खाली उतरतात, तेव्हा पट्टीच्या वरच्या कडेला गोळा होतात. तिथेच वेचा. मग पहिल्या सरीआधी पट्टी सोडा. पावसात आत पाणी कोंडून साल कुजते, सुतळी रुतते. काढलेलं प्लॅस्टिक झाडाखाली टाकू नका. त्याच्या घड्यांत ढेकूण असतात.