घरातले आवाज आणि कविता : या चुका टाळा

घरातले आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्या सोबतीने कविता लिहिणाऱ्यांच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे ते आवाज ‘स्वच्छ’ करायला निघणे. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या भिंतीला लागूनच यंत्रमाग चालत. आई भाकरी थापत असताना मी मोबाइलवर केलेल्या मुद्रणात तिची थाप नीट आली, पण मागांचा खडखडाट तुटक, पुसट झाला, कारण फोनमधली नॉइज रिडक्शनची सोय सलग, एकसुरी आवाजाला गोंगाट समजून गाळून टाकते. तोच खडखडाट आमच्या दुपारचे घड्याळ होता. ही सोय बंद करावी, वेव्ह (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलच्या) स्वरूपात ४८ किलोहर्ट्झवर मुद्रण करावे आणि मुद्रणाच्या पट्टीवर, जिथे शून्य ही आवाज फाटण्याची मर्यादा असते, सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे.

मे महिन्यात पंखा बंद करून मुद्रण करणे हेही घराशी खोटे वागणे आहे. त्याऐवजी फोन वाऱ्याच्या झोतातून बाजूला घ्यावा. ओट्याचे हादरे मायक्रोफोनपर्यंत पोहोचू नयेत म्हणून फोनखाली चौघडी केलेली चादर ठेवावी.

मुद्रण लवकर थांबवू नये. शेंगाचटणी कुटताना सुरुवातीला उखळातून कोरडा, फुटका आवाज येतो. मग शेंगदाण्यांना तेल सुटू लागते, घाव ओलसर, दबका होतो आणि मुसळ उचलताना किंचित चिकटल्याचे ऐकू येते. पहिल्या ३० सेकंदांत समाधान मानणाऱ्याला हा बदल कधीच सापडत नाही, आणि माझ्या मते कविता तिथेच असते.

मात्र ‘आई चटणी कुटते आहे’ ही ओळ लिहू नये, कारण ते कानाने आधीच सांगितलेले असते. मायक्रोफोनला जे मिळत नाही ते शब्दांनी द्यावे : लसणाचा झोंबरा वास, मनगटाला बांधलेले फडके.

फडक्याची गाठ सैल झाली,
तेल सुटले, हात थांबला नाही.

आधी वृत्त ठरवून त्यात आवाज कोंबणेही चुकीचे. जात्यावरच्या ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी जुळत असे. तशीच आपल्या ओळीची लांबी मुसळाच्या दोन घावांमधल्या अंतरावरून ठरू द्यावी. गल्लीतल्या एकाच वाक्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड आले, तर ते तसेच राहू द्यावे.

घरच्यांना न सांगता मुद्रण कधीही करू नये. सांगितल्यावर घरची माणसे जपून बोलतात खरी, पण १५-२० मिनिटांत फोनचा विसर पडतो. तेवढा वेळ द्यावा.

फाइलला ‘रेकॉर्डिंग १७’ असे नाव ठेवल्यास दोन वर्षांनी काहीच उमगत नाही. त्याच दिवशी लिहावे : १४ मे, दुपार, स्वयंपाकघर, आई, शेंगाचटणी, पंखा चालू, शेजारचे माग चालू.