पास्ता चिकट होतो, चीजच्या गाठी होतात? या चुका टाळा

पास्ता गाळताना आपण त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट मोरीत ओतून देतो, ती म्हणजे त्याचं पाणी. भाताच्या पेजेसारखंच असतं ते. पास्त्यातला स्टार्च त्यात उतरलेला असतो आणि चीज, लोणी, भाज्यांचा रस हे सगळं तोच धरून ठेवतो. गाळण्याआधी कपभर पाणी बाजूला काढाच. मी पास्ता उकळायला ठेवला की रिकामा कप चाळणीतच ठेवून देते. चाळणी उचलली की आठवण होते.

शिजलेला पास्ता नळाखाली धरला तर अंगावरचा हाच स्टार्च धुऊन जातो आणि सॉस खाली पाण्यासारखा साचतो. थंड सॅलड करायचं असेल तरच धुवा. उकळत्या पाण्यात तेल घालायचीही गरज नाही. ते नुसतं वर तरंगतं. पास्ता चिकटतो तो पहिल्या दोन मिनिटांत, तेव्हा ढवळत राहा. १०० ग्रॅमला १ लिटर पाणी घ्या आणि ते खळखळून उकळल्यावरच पास्ता टाका. मीठ लिटरला एक चहाचा चमचा पुरे, कारण चीजही खारट असतं.

पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक पेने (नळीसारखा पास्ता) काढून सुरीने कापून बघा. मधोमध पांढरा ठिपका दिसला, भातात कणी राहते तसा, की गॅस बंद. बाकीचा तो सॉसमध्ये शिजतो. एवढं करूनही लगदा होत असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. ड्युरम या कडक जातीच्या गव्हाच्या रव्याचा पास्ता आकार धरून राहतो, मैद्याचा लवकर गळतो.

सगळ्या भाज्या कढईत एकदम घालू नका. ढोबळी मिरची आणि मशरूमला पाणी सुटतं, त्यांना मोठी आच आणि मोकळी जागा हवी, मीठ शेवटी. गाजर, फरसबी, ब्रोकोली पास्त्याच्याच पाण्यात शेवटची तीन मिनिटं टाका. एक भांडं कमी पडतं घासायला.

आता चीज. सगळ्यात जास्त पास्ते इथेच बिघडतात. एकदा पाहुणे टेबलावर बसलेले असताना मी उकळत्या सॉसमध्ये मूठभर चेडर टाकलं. मिनिटभरात तूप वेगळं झालं आणि डावाला रबरासारखा गोळा चिकटून वर आला. फार आचेवर चीजमधली प्रथिनं आवळतात आणि स्निग्धांश बाहेर पडतो. म्हणून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग बारीक किसलेलं चीज थोडं थोडं घालत ढवळा, मध्ये मध्ये ते राखलेलं पाणी चमचाभर. क्यूबचं प्रोसेस्ड चीज सहज विरघळतं, कारण ते एकजीव राहावं म्हणून त्यात खास क्षार घातलेले असतात. नुसतं मोझरेला मात्र तारा सोडतं, सॉस होत नाही त्याचा.

गाठी झाल्याच तर भांडं उतरवून दोन चमचे गरम पाणी आणि एक क्यूब घालून जोरात घोटा. बहुतेक वेळा सावरतं. टोमॅटोच्या सॉसमध्ये दूध ओतू नका, आंबटपणाने फाटतं. दाटपणा हवाच असेल तर क्रीम घाला, तेही आच मंद करून.

उरलेला पास्ता सकाळी दगडासारखा घट्ट होतो. डब्यात द्यायचा असेल तर चमचा-दोन चमचे दूध शिंपडून, झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा.