डॉक्टरांना जखमेचा फोटो पाठवा, दिवाणखान्यात लावू नका

अण्णांना मधुमेह आहे. तळव्याची जखम तीन वर्षांत दोनदा भरली, दोनदा उघडली. आम्ही चिपळूणला, सर्जन पुण्याला. दर ड्रेसिंगला घाट चढणं जमत नाही, म्हणून आठवड्याला फोटो जातात. "व्हॉट्सॲप करा की!" हा सल्ला मला अनेकांनी दिलाय. पाठवायचं कसं ते शेंबड्या पोरालाही येतं. पाठवल्यावर तो फोटो आणखी कुठे कुठे जाऊन बसतो, ते कुणी सांगत नाही.

1. आधी फोन करा. फोटो कुठल्या नंबरवर पाठवायचा आणि तो मोबाईल कुणाच्या हातात असतो, हे विचारा. पुष्कळ दवाखान्यांत एकच मोबाईल रिसेप्शन, कंपाउंडर आणि डॉक्टर असा फिरतो. पायाच्या फोटोला चालेल, छातीवरच्या गाठीला चालणार नाही. विचारायला संकोच नको. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून दुरून उपचार) मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर व्हॉट्सॲपवर सल्ला देऊ शकतात, पण पेशंटची माहिती आणि फोटो जपणं ही त्यांचीच जबाबदारी आहे. पेशंट लहान मूल असेल तर सल्ल्याच्या वेळी मोठं माणूस सोबत लागतं.

2. फोटो काढा, पण त्याआधी तिसरा मुद्दा वाचा. खिडकीजवळ, दिवसाउजेडी, फ्लॅश आणि ब्यूटी फिल्टर बंद. खाली साधा एकरंगी कपडा, फुलाफुलांची चादर नको. एक फोटो लांबून (पायाचा कुठला भाग ते कळावं), एक जवळून, शेजारी मोजपट्टी. मोजपट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं, ते 27 मिलिमीटरचं असतं. नाणं शेजारी ठेवा, जखमेवर नको. सेल्फी कॅमेरा वापरू नका, काही फोनमध्ये डावं-उजवं उलटं होतं.

3. आता खरी कटकट: फोटो फोनबाहेर जाऊ न देणं.

दिवाळीत फराळाला पंधरा माणसं जमली होती. कुणीतरी टीव्ही लावून तसाच सोडला आणि त्यावर आपोआप फोटो सरकायला लागले. किल्ला, रांगोळी, नातवाचा वाढदिवस, आणि मग पिवळट थर चढलेला अण्णांचा तळवा, बेचाळीस इंची पडद्यावर. कुणाच्या हातातली चकली तोंडापर्यंत गेली नाही. अण्णा शांतपणे म्हणाले, "हा माझाच ना गं पाय?" दोष टीव्हीचा नव्हता. माझ्या फोनचा बॅकअप (काढलेला फोटो आपोआप गूगल फोटोजच्या खात्यात चढवण्याची सोय) चालू होता आणि टीव्हीला तेच खातं मीच जोडून दिलं होतं.

मग मी शहाणपणा केला. फोटो काढण्याआधी बॅकअप बंद, पाठवून झाल्यावर चालू. पुढच्या आठवड्यात तळवा पुन्हा टीव्हीवर! बॅकअप पुन्हा चालू केला की राहिलेले सगळे फोटो तो मागाहून चढवतो, हे मला तेव्हा उमगलं. म्हणून "बॅकअप बंद करा" एवढंच सांगणाऱ्याचं ऐकू नका. तो अर्धाच सल्ला आहे.

क्रम असा ठेवा, आणि मोडू नका. बॅकअप बंद. फोटो काढा. डॉक्टरांना पाठवा. मग गूगल फोटोजमधल्या लॉक्ड फोल्डरमध्ये (कुलूप असलेल्या कप्प्यात) हलवा. त्यानंतरच बॅकअप चालू. आधी लॉक केलात तर तिथून शेअर करता येत नाही, परत बाहेर काढावा लागतो. लॉक्ड फोल्डरचा स्वतःचा वेगळा बॅकअप असतो, तो चालू नाही ना हेही बघून घ्या. आणि त्या फोल्डरचा बॅकअप नसताना ॲप काढून टाकलंत किंवा त्याचा डेटा पुसलात तर आतले फोटो कायमचे गेले.

आयफोनवाल्यांनो, 'हिडन' अल्बममुळे फोटो घरच्यांपासून लपतो, पण आयक्लाउड फोटोज (ॲपलचा ऑनलाइन साठा) चालू असेल तर तिथे जातोच.

आधीच बॅकअप झालेला फोटो डिलीट केलात तरी गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये 60 दिवस पडून राहतो. ट्रॅशही रिकामा करा.

हा नुसता लाजेचा प्रश्न नाही. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने नर्सच्या सांगण्यावरून आपल्या लहान मुलाच्या गुप्तांगाच्या सुजेचा फोटो काढला. तो आपोआप गूगलच्या क्लाउडवर गेला, बाललैंगिक शोषणाचा फोटो समजला गेला आणि बापाचं गूगल खातं बंद झालं. पोलिसांना त्यात गुन्हा आढळला नाही, तरी खातं परत मिळालं नाही. मुलांच्या अशा जागेचा फोटो मी काढतच नाही. मूल उचलायचं आणि दवाखाना गाठायचा.

4. पाठवा. एचडी निवडा. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा, क्लिअर जातो" असं सांगणारे असतात. क्लिअर जातो खरा, पण कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर घराचा पत्ताही सोबत जातो. सोबत लिहा: नाव, वय, डावा की उजवा, कधीपासून, ताप आहे का, साखर किती.

'व्ह्यू वन्स' वापरा म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. डॉक्टरांना आजचा फोटो मागच्या आठवड्याच्या फोटोशेजारी ठेवून बघायचा असतो, शिवाय नोंद ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. एकदा उघडून नाहीसा होणारा फोटो घेऊन ते काय करणार?

व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (तुमच्याशिवाय कुणालाच उघडता येणार नाही असं कुलूप) आपोआप नसतं, सेटिंगमध्ये जाऊन लावावं लागतं. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, विसरलात तर कंपनीही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही. आणि पाठवण्याआधी वर नाव कुणाचं आहे ते वाचा. 'डॉ.' आणि 'डोंबिवली मावशी' यादीत खाली-वर असतात.

5. व्हिडिओ. बाळाला धाप लागली असेल तर अंगातला कपडा काढून छाती आणि पोट दोन्ही दिसतील असा पूर्ण एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या, डॉक्टर श्वास मोजतात. मागून "बघा ना डॉक्टर" करत बसू नका. फिट आली असेल तर आधी माणसाला कुशीवर वळवा, शूटिंग दुसऱ्याने करायचं. चेहरा, डोळे, चारही हातपाय दिसू देत, आणि किती वाजता सुरू झाली ते मोठ्याने बोला. पाच मिनिटांत थांबली नाही तर फोन खाली घेऊन 108 लावा.

6. उत्तराची वाट. निळ्या टिका म्हणजे तपासणी नव्हे. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही तर फोन करा. बोट काळं पडलं, वास यायला लागला, थंडी वाजून ताप आला, तर फोटो काढतसुद्धा नाही मी. अण्णांना गाडीत बसवते आणि निघते.