डिझायनर स्वेटर-कोट घरी विणताना या चुका टाळा

मिसोनी या इटालियन घराण्याचे (स्थापना 1953) नागमोडी पट्ट्यांचे लांब कोट फोटोत पाहिले की हात शिवशिवतात. घरात कार्डिगनचा एखादा पॅटर्न असतोच; तोच लांब केला की झाला कोट, असं वाटतं. तसं होत नाही, कारण ते कापड मशीनवर बारीक धाग्यांत विणलेलं असतं. तोच कोट जाड लोकरीत हाताने विणला की बाई दिसण्याआधी कोट दिसतो. साताऱ्याची थंडी तशीही पहाटेची. दहा वाजता ऊन वर आलं की जाड कोट हातावरच येतो. त्यामुळे 4 प्लायच्या, म्हणजे चार पदरी लोकरीच्या, वर जाऊ नका.

पहिली गफलत सुयांची. परदेशी पॅटर्नमध्ये 8 नंबरची सुई म्हटलं की आपण आपली 8 नंबरची काढतो. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, त्यात 8 म्हणजे 4 मिमी. अमेरिकन 8 म्हणजे 5 मिमी. 7 नंबर तेवढा दोन्हीकडे 4.5 मिमी. नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

नमुन्याचा तुकडा न विणता टाके घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पॅटर्नला 10 सेंमीत 22 टाके हवेत आणि तुमचे 20 बसतात, तर 110 टाक्यांची पाठ 50 ऐवजी 55 सेंमी होते. पुढचे दोन भागही तसेच, म्हणजे अख्खा कोट दहा सेंमी ढगळ. तुकडा निदान 20 सेंमीचा विणा, आणि नागमोडी डिझाइनमध्येच विणा. साध्या सुलट-उलट विणीपेक्षा हे डिझाइन आक्रसतं, तिथलं माप इथे चालत नाही.

तुकडा धुऊन, वाळवून मोजा. मग दोरीवर चिमट्यांनी टांगा, खालच्या कडेला आणखी चार-सहा चिमटे लावा आणि दोन रात्री तसाच ठेवा. 20 चे 22 सेंमी झाले, तर 90 सेंमीचा कोट 99 चा होणार. ही लांबी आधीच वजा करायची. आमच्या शेजारच्या काकूंनी असाच एक लोंबलेला कोट पाहून विचारलं होतं, “अगं पोरी, हा अंगात घालायचा की फरशी पुसायला?”

वजनामुळे आणखी एक गोष्ट: गोल सुईवर बिनशिवणीचा कोट विणायचा मोह आवरा. बाजूच्या शिवणीच कोटाला धरून ठेवतात. खांद्याच्या आणि मागच्या गळ्याच्या शिवणीला आतून सुती फीत टाचा.

आता घेर. नागमोडी डिझाइनचा एक घास, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा भाग, 14 टाक्यांचा असेल आणि मापाला 106 लागत असतील, तर 98 किंवा 112 वरच यावं लागतं. मधेच टाके वाढवले-घटवले की लाटा मोडतात. त्यापेक्षा टाके तेवढेच ठेवा, सुया बदला: खाली 5 मिमी, वर 4.5, कमरेशी 4. घेर आपोआप येतो आणि डिझाइनला धक्का लागत नाही. सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक अशा दोन्ही सुयांवर तुकडा मात्र आधी विणून बघा.

फोटोतल्या मॉडेलवरून लांबी ठरवू नका. ती उंच असते, शिवाय तिचा कोट पाठीमागे क्लिपा लावून घट्ट केलेला असू शकतो. कपाटातलं तुम्हाला नीट बसणारं जॅकेट काढा, पलंगावर पसरा, टेप लावा.

काजपट्टीचे टाके कडेवरून उचलताना प्रत्येक ओळीला एक उचलला तर पट्टी लाटा मारते. साधारण चार ओळींना तीन टाके, हे गणित बहुतेक जमतं.

लोकर एकाच लॉट नंबरची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, थोडी जास्तच घ्या. आणि ॲक्रिलिक असेल, बाजारात बहुतेक तेच मिळतं, तर वाफेची इस्त्री टेकवू नका. वीण मरते, कापड लुळं पडतं आणि पुन्हा धुऊनही सावरत नाही. ओला कोट आडवा पसरून, टाचण्या लावून सावलीत वाळवा.