कंपनीच्या पैशातून शाळेची इमारत: नारळ फोडण्याआधीची तयारी

कंपनीची माणसं शाळा बघायला येणार म्हटलं की गावात पहिली धावपळ होते रांगोळी आणि लेझीमची. होऊ द्या, मुलांना मजा येते. मुख्याध्यापकांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी तलाठ्याकडे जाऊन शाळेच्या जागेचा सातबारा काढावा; जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. त्यावर नाव कुणाचं आहे ते नीट वाचा. आमच्या सातबाऱ्यावर निघालं ते जागा देणाऱ्या आजोबांचंच. "पोरं शिकू द्या" म्हणून त्यांनी वीस गुंठे दिले होते, कागद कुणी केलाच नाही. आजोबा कधीच गेलेले, वारस सहा, एक सुरतेला, एक लेक कर्नाटकात दिलेली. बक्षीसपत्रावर सहा सह्या जमवेपर्यंत सात महिने गेले आणि कंपनीचे पैसे तोवर शेजारच्या तालुक्यातल्या शाळेला लागले. त्यामुळे पहिला कागद हाच. मोजणी करून हद्दीच्या खुणाही आत्ताच रोवून घ्या, बांधकाम सुरू झाल्यावर शेजाऱ्याला बांध आठवतो.

दुसरं, जुन्या खोल्या. मोडक्या आहेत म्हणून जेसीबी लावता येत नाही. बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याचा पाहणी अहवाल, मग निर्लेखनाचा, म्हणजे जुनी खोली नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव, तो पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत, मंजुरीनंतर पत्रे-लाकडाचा लिलाव. याला वेळ लागतो, पैसे येण्याची वाट न बघता प्रस्ताव पाठवा. आणि अहवालात 'धोकादायक' लिहून आलं की त्या खोलीला त्याच दिवशी कुलूप. २०१७ मध्ये नगरजवळच्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. 'एवढा पावसाळा काढू' हे वाक्य कुणी काढलं तर त्याला निंबोडी आठवून द्या.

कंपनीला मागणीपत्र लिहिताना यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतली, माहिती समोर ठेवा. तुम्ही पत्रात चार खोल्या नादुरुस्त म्हणता आणि यू-डायसमध्ये त्याच चार 'सुस्थितीत' भरलेल्या असतात; कंपनीचा माणूस फोनवर ते दोन मिनिटांत बघतो आणि फाइल तिथेच मिटते. काय मागायचं हे शिक्षण हक्क कायद्यात आहेच: शिक्षकागणिक एक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, कुंपण, अडथळ्याविना आत जाता येईल असा उतार. उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. उरलेल्या जागेत कोंबलेला घसरगुंडीसारखा रॅम्प मी पाहिलाय, त्यावरून चाकाची खुर्ची कुणी चढवून दाखवावी.

शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव हवा. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, तर त्यांना बैठकीला बोलवा, सह्या घरोघर फिरवून घेऊ नका. आमच्याकडे स्वच्छतागृहाची जागा एका आईनेच बदलायला लावली. आराखड्यात त्याचं दार थेट रस्त्याकडे होतं.

आता पैसा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, शिक्षण त्यात बसतं. काम एखाद्या संस्थेमार्फत होणार असेल तर तिची सीएसआर-१ नोंदणी (कंपन्यांचा हा सामाजिक निधी घ्यायला संस्थेला लागणारी सरकारी नोंदणी) आहे का ते विचारा. राज्याची दत्तक शाळा योजना १८ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने आली. तिच्यात ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख किंवा दहा वर्षांना एक कोटीचं काम केलं, तर देणगीदाराला शाळेच्या नावाला आपलं नाव जोडता येतं. रोख मात्र घ्यायची नाही, वस्तू आणि सेवाच. नावावरून तेव्हा बरीच टीका झाली; मलाही ते रुचत नाही, पण गावाने ग्रामसभेत बोलून ठरवावं, उद्घाटनाच्या दिवशी पाटी बघून नव्हे.

कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आपली सुट्टी मेमध्ये लागते आणि जूनमध्ये पाऊस आणि शाळा एकदमच येतात. जानेवारीत "मार्चपर्यंत खर्च दाखवायचाय" असा फोन आला तर हुरळून जाऊ नका. बहुवर्षीय प्रकल्प म्हणून घ्या म्हणावं, तशी सोय कायद्यात आहे. पाया हिवाळ्यात, स्लॅब पावसाच्या आधी. काळ्या मातीची जागा असेल तर मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

कंपनीशी होणाऱ्या सामंजस्य करारात सगळ्यात जास्त वेळ घालवा. ठेकेदार कंपनीचा असला की जिल्हा परिषदेच्या शाखा अभियंत्याला वाटतं हे आपलं काम नाही, आणि कंपनीचा इंजिनिअर महिन्यातून एकदा येऊन फोटो काढून जातो. मधल्या एकोणतीस दिवसांत गवंडी राजा. म्हणून तपासणी कोण करणार, कोणत्या टप्प्यावर करणार हे हुद्द्यासकट लिहा. काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे सात आणि अठ्ठावीस दिवसांनी तपासून अहवालाची प्रत शाळेत द्यायची, हेही लिहा. स्लॅबवर पाणी मारायला माणूस कुणाचा? आमच्या वेळी कुणाचाच नव्हता, शेवटी शिपाईमामांनी गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ मारलं. पोलादाचा भाव वाढला तर फरक कोण देणार, गळती लागली तर किती वर्षं दुरुस्ती, इमारत कुणाच्या मालकीची, हे सगळं त्यातच.

बांधकाम चालू असताना वर्ग कुठे बसणार? मारुतीच्या देवळात दोन वर्ग बसतात, पण शनिवारी गर्दी असते. समाजमंदिर लग्नसराईत मिळत नाही. तारखा आधीच धरून ठेवा.

ताबा घेताना फुलं नंतर, आधी किल्ल्या, बांधकामाचे नकाशे (वर मजला चढवायचा झाला तर लागतील), पंपाचं वॉरंटी कार्ड. मालमत्ता नोंदवहीत नोंद त्याच दिवशी. स्मार्ट टीव्ही भिंतीवर लागला आणि बिल थकून मीटर कापलेलं, असं होऊ नये म्हणून वीजबिल आणि टाकीत पाणी चढवण्याचा खर्च ग्रामपंचायतीकडून ठरावाने कबूल करून घ्या.

आणि कोनशिला. नावांचा क्रम गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी आल्याशिवाय दगड कोरायला देऊ नका. आमचा पहिला दगड अजून कोठीत आहे, पोषण आहाराच्या तांदळाची पोती त्यावर ठेवतात.