एकरी उताऱ्याचा अंदाज कसा बांधावा, कानावरच्या आकड्यात न अडकता

सोयाबीन काढणीला आलं की पारावर आकडे सुरू होतात. औंदा एकरी बारा क्विंटल, कुणी म्हणतं चारही नाही. मग आपलाही अंदाज त्या आकड्याच्या आसपासच घुटमळतो आणि त्याच भरवशावर आडत्याकडून उचल घेतली जाते. म्हणून हा अंदाज नीट बांधायलाच हवा.

ऐकीव आकड्याची ओढ किती असते? अमोस त्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं, १० किंवा ६५ वरच थांबणारं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि उत्तराचा काडीचा संबंध नव्हता! शिवारातही तेच होतं. बारा ऐकलं की शेंगांनी लगडलेला तुकडा आठवतो, पाणी साचून पिवळा पडलेला सखल भाग आठवत नाही.

पारावर जाण्याआधी कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे लिहून ठेवा. घरातल्या प्रत्येकाने वेगळे लिहावेत, एकमेकांना न सांगता.

मग मोजा. दोरीने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. असे पाच चौकोन घ्या. जागा नजरेने निवडू नका, धुऱ्यापासून ठरावीक पावलं चालून जिथे थांबाल तीच जागा. पीक कापा, वाळवा, झोडपा, दाणे ग्रॅममध्ये तोला. पाचांची सरासरी काढून चारने गुणा, एकरी किलो मिळतील. कारण एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, आणि ग्रॅमचे किलो करायला हजाराने भागलं की चारच उरतात. सरासरी १८० ग्रॅम आली तर ७२० किलो, म्हणजे सात क्विंटलच्या थोडं वर. काढणी-मळणीतली नासाडी यातून वजा धरा.

आकडा आधीच कानावर पडला असेल तर तो चुकीचा का असू शकतो, याची तीन कारणं लिहा. सखल भाग, उशिरा पेरलेला पट्टा, पिवळा मोझॅक रोग, जे असेल ते. जर्मनीत जुन्या गाडीची किंमत सांगणाऱ्या जाणकारांना अशी उलट कारणं शोधायला लावली, तेव्हा ऐकलेल्या आकड्याचा प्रभाव कमी झाला. गेला मात्र नाही. म्हणून मोजणी टाळू नका.

काढणीचं गुत्तं घेणाऱ्याला विचारतानाही ‘बारा होतील का?’ म्हणू नका. ‘किती होतील?’ एवढंच विचारा.