मांजराच्या इन्सुलिनचा डोस घरी बदलताना या चुका टाळा

सकाळी मीटरवर ३८० दिसले की पहिला विचार येतो, आज अर्धं युनिट जास्त देऊन टाकू. डोसचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. शुगर जास्त म्हणजे इन्सुलिन कमी पडतंय, हा हिशेब ऐकायला सरळ आहे. पण ते ३८० येण्यामागे सिरिंज चुकीची असणं, बाटली खराब होणं, इंजेक्शन केसांत जाणं, दाताचं दुखणं, इतकंच काय तर डोस जास्त होणं, यांपैकी काहीही असू शकतं. डोसला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. आणि तोही मनाने नाही, डॉक्टरांशी बोलूनच.

इंजेक्शनच्या वेळचा आकडा बघून डोस वाढवणं

मांजराला इन्सुलिन साधारणपणे दर १२ तासांनी देतात. त्या १२ तासांत शुगर खाली येते, तळाला जाते आणि पुन्हा वर चढते. डोस बरोबर आहे की नाही हे तो तळाचा आकडा सांगतो. बहुतेक जण मात्र फक्त इंजेक्शनच्या आधी शुगर मोजतात, म्हणजे नेमका वरचा आकडा बघतात.

एका दिवसाचे आकडे समजा असे आले: सकाळी ७ ला ३४०, ९ ला २५०, ११ ला १३०, दुपारी १ ला ७२, ३ ला १६०, ५ ला २९०, संध्याकाळी ७ ला ३७०. फक्त सकाळ-संध्याकाळ मोजणाऱ्याच्या वहीत ३४० आणि ३७० एवढंच येईल आणि तो डोस वाढवेल. प्रत्यक्षात दुपारी १ वाजता हे मांजर धोक्याच्या काठावर होतं. तळ साधारण ८० ते १५० च्या दरम्यान असावा अशी अपेक्षा असते. ७२ म्हणजे डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांना फोन करायची वेळ. वाढवण्याचा तर प्रश्नच नाही.

मग सकाळ-संध्याकाळचे आकडे एवढे वर का? कधी इन्सुलिनचा असर १२ तास टिकतच नाही, आठ-नऊ तासांत ओसरतो. कधी शुगर फार झपाट्याने खाली गेली की शरीर घाबरून ग्लुकागॉन आणि ॲड्रेनालिन ही शुगर वाढवणारी संप्रेरकं सोडतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. हा उलटा उसळा मांजरांमध्ये किती वेळा येतो यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही. ग्लार्जिन या लांब असराच्या इन्सुलिनवर असलेल्या मांजरांमध्ये तो क्वचितच दिसतो. कारण कुठलंही असो, दोन्ही प्रसंगांत डोस वाढवणं हे उत्तर नाही.

तेव्हा डोस बदलायच्या आधी दर दोन तासांनी मोजून एक पूर्ण दिवसाचा आलेख काढा. कानाच्या कडेची शीर टोचून थेंबभर रक्त पुरतं. आधी कान हाताने किंवा कोमट कापडाने शेकला की रक्त पटकन येतं. टोचल्यावर लगेच आवडीचा, पिष्ट नसलेला खाऊ द्या. आठवड्याभरात बरीच मांजरं मीटर दिसल्यावर स्वतःहून येऊन बसतात. दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा हा घरचा आकडा मी जास्त मानतो. पिंजरा, प्रवास, अनोळखी हात यांच्या ताणाने डायबेटिस नसलेल्या मांजराची शुगरही ३०० च्या वर जाऊ शकते. शंका असेल तर डॉक्टर फ्रुक्टोसामाइन, म्हणजे रक्तातली साखर चिकटलेली प्रथिनं, तपासतात. त्यावरून मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या सरासरीचा अंदाज येतो आणि त्या दिवशीच्या भीतीचा त्यावर परिणाम होत नाही.

दर दोन दिवसांनी डोस हलवणं

नवा डोस अंगात बसायला वेळ लागतो. वाढवल्यावर पाच ते सात दिवस तोच ठेवा, मग पुन्हा आलेख काढा. वाढही अर्ध्या युनिटची, फार तर एका युनिटची. बऱ्याच मांजरांची सुरुवातच दिवसातून दोन वेळा एकेका युनिटने होते. अशा मांजराला 'एकच युनिट' वाढवलं म्हणजे डोस थेट दुप्पट झाला, हे विसरायला होतं.

कमी करण्याला मात्र हा थांबण्याचा नियम लागू नाही. तळाचा आकडा ८० च्या खाली गेला की त्याच दिवशी फोन करा. चार दिवस शुगर थोडी जास्त राहिली तर मांजर तहानलेलं राहतं, लघवी जास्त करतं. चार तास फार कमी राहिली तर जीव जाऊ शकतो. हा तराजू समान नाही, म्हणून घाईही दोन्हीकडे सारखी नको.

४० ची बाटली, १०० ची सिरिंज

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. प्राण्यांसाठीची काही इन्सुलिनं, उदाहरणार्थ कॅनिन्सुलिन आणि प्रोझिंक, यू-४० असतात. म्हणजे एका मिलीत ४० युनिट. माणसांचं ग्लार्जिन सहसा यू-१००, एका मिलीत १०० युनिट. प्रत्येकाची सिरिंज वेगळी. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत भरलंत, तर मांजराला अडीच युनिट गेलं. उलट केलंत तर जेमतेम ०.४ युनिट. 'डोस वाढवतोय तरी शुगर हलत नाही' अशी तक्रार असेल तर आधी बाटलीचं आणि सिरिंजच्या पाकिटाचं लेबल शेजारी शेजारी धरून वाचा. औषधाच्या दुकानातून नवीन पाकीट आणलं की दर वेळी वाचा, कारण काउंटरवरच्या माणसाला बाटली कुठली आहे ते ठाऊक नसतं.

यू-१०० साठी ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज घ्या. यू-१०० चं एक युनिट म्हणजे मिलीचा शंभरावा भाग. त्या नळीत सुईच्या तोंडाशी अडकलेला बारीक बुडबुडासुद्धा अर्धं युनिट गिळू शकतो. सिरिंज उभी धरून टिचकी मारा, बुडबुडा वर आला की तो बाटलीत परत ढकला आणि मग रेघ जुळवा. रेघ डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचा. वरून बघितलं तर फसगत होते.

बाटलीकडे दुर्लक्ष

इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीजरला चिकटून नाही. एकदा गोठलेली बाटली नंतर कितीही नीट दिसली तरी फेकून द्यायची. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ दिसलं तर वापरू नका, आणि त्यात पाणी किंवा सलाइन घालून पातळ तर मुळीच करू नका. त्याचा सावकाश होणारा असर त्याच्या आम्लतेवर अवलंबून असतो, पातळ केलं की तोच बिघडतो. कॅनिन्सुलिन दुधासारखं असतं, ते एकसारखं दुधाळ होईपर्यंत हलवावं लागतं. प्रोझिंक हळूच उलटसुलट करायचं. उघडलेल्या बाटलीची मुदत प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवरच लिहा.

इंजेक्शन गेलं की नाही, म्हणून पुन्हा देणं

मांजर उडालं, सुई निसटली, केसांना ओल लागली. किती आत गेलं, कळायला मार्ग नाही. अशा वेळी पुन्हा टोचू नका. पुढच्या वेळेपर्यंत थांबा. एक डोस कमी पडल्याने फारसं बिघडत नाही. दुप्पट गेल्याने बिघडतं. घरात दोघं इंजेक्शन देत असतील तर फ्रिजच्या दारावर कागद लावा आणि दिल्यावर लगेच खूण करा. 'मला वाटलं तू दिलंस' आणि 'मला वाटलं तू नाही दिलंस' ही दोन्ही वाक्यं या आजारात घातक आहेत.

इन्सुलिनला एक उग्र औषधी वास असतो. टोचल्यावर त्या जागचे केस हुंगा; वास आला तर इंजेक्शन केसांत गेलंय. मानेमागची कातडी एकाच जागी रोज टोचून जाड होते, तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. छातीची बाजू, कूस, अशा जागा बदलत राहा.

खाणं बदललं, डोस तसाच

कमी पिष्टाच्या, जास्त प्रथिनांच्या ओल्या खाण्याने मांजराचा डायबेटिस खूप सुधारतो. कोरड्या दाण्यांमध्ये बहुधा पिष्ट बरंच असतं. म्हणून लोक उत्साहाने एका रात्रीत खाणं बदलतात आणि डोस मात्र जुनाच चालू ठेवतात. इन्सुलिनची गरज काही दिवसांत झपाट्याने उतरते आणि चांगल्या हेतूने केलेल्या बदलातून मांजर बेशुद्ध पडतं. खाणं बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, हळूहळू बदला आणि त्या काळात शुगर रोज मोजा.

मांजराने खायलाच नकार दिला तर? पूर्ण डोस डोळे मिटून देऊ नका आणि दोन-दोन दिवस इन्सुलिन बंदही ठेवू नका. इन्सुलिन तुटलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्लं साठतात आणि कीटोॲसिडोसिस हा जीवघेणा प्रकार होतो. उलट्या, सुस्ती, खाणं बंद अशी लक्षणं दिसली तर ती वाट बघायची वेळ नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा. खरं तर हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून ठेवावेत: किती शुगरच्या खाली इंजेक्शन द्यायचं नाही, अर्धंच खाल्लं तर किती द्यायचं, रात्री कुणाला फोन करायचा. उत्तरं लिहून घ्या. रात्री अकरा वाजता, हातात सिरिंज आणि समोर ९५ हा आकडा असताना विचार सुचत नाही.

शुगर लो झाल्यावर मीटर शोधत बसणं

मांजर दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खात चालतंय, शून्यात बघतंय, अंग थरथरतंय, किंवा अचानक वखवखल्यासारखं खायला मागतंय, तर आधी उपाय, मग मोजणी. गिळू शकत असेल तर लगेच खायला द्या आणि ग्लुकोज पावडरचं दाट पाणी, साखरेचा पाक किंवा मध चाटवा. फिट येत असेल किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. बोटावर थोडा पाक घेऊन हिरड्यांना चोळा. फिट चालू असताना बोट दातांमध्ये जाऊ देऊ नका. आणि लगेच निघा. मांजर सावरलं तरी फोन कराच, कारण इन्सुलिनचा असर अजून काही तास चालणार असतो आणि शुगर पुन्हा पडू शकते. पुढचा डोस तोच द्यायचा नाही, तो किती हे डॉक्टर सांगतील.

मीटरबद्दल एक गोष्ट. माणसांचं मीटर मांजराची शुगर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. प्राण्यांच्या मीटरमध्ये कुत्रा आणि मांजर यांचं सेटिंग वेगळं असतं, ते तपासून घ्या. कुठलंही वापरा, पण एकच वापरा. आज हे, उद्या ते असं केलं तर आलेखाला अर्थ राहत नाही. कातडीवर चिकटवायचे सेन्सर सोयीचे आहेत खरे. पण ते रक्तातली नाही तर पेशींभोवतालच्या द्रवातली शुगर मोजतात, त्यामुळे ती झपाट्याने पडत असताना थोडे मागे राहतात. सेन्सरवरचा आकडा आणि मांजराची अवस्था जुळत नसेल तर मांजरावर विश्वास ठेवा.

डोस वाढतच चाललाय, तरीही फरक नाही

डोस दर वेळी किलोमागे दीड-दोन युनिटच्या घरात पोचला आणि शुगर ढिम्म असेल, तर दोष इन्सुलिनच्या प्रमाणात नसतो. किडलेले दात, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड यांची तपासणी करा. खाजेसाठी किंवा दम्यासाठी दिलेलं स्टेरॉइड, विशेषतः लांब असराचं इंजेक्शन, सगळी मेहनत पाण्यात घालवतं. आणखी एक कारण फार उशिरा आठवतं: पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे वाढीचं संप्रेरक जास्त होणं, म्हणजे ॲक्रोमेगाली. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायबेटिस असलेल्या मांजरांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्यात त्याची चिन्हं आढळली. डायबेटिस आटोक्यात नसतानाही वजन वाढतंय, पंजे आणि चेहरा रुंद होतोय असं दिसलं तर रक्तातल्या आयजीएफ-१ ची, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाबरोबर वाढणाऱ्या घटकाची, तपासणी करायला सांगा.

बरं होत चाललेल्या मांजराला जुना डोस

मांजराचा डायबेटिस लवकर पकडला, खाणं सुधारलं आणि शुगर काही आठवडे काबूत राहिली, तर बऱ्याच मांजरांना इन्सुलिनची गरजच संपते. ती पायरी येताना तळाचे आकडे हळूहळू खाली सरकतात, इंजेक्शनच्या आधीची शुगरही उतरते. पाणी पिणं कमी होतं, मागचे पाय टाचेवर टेकून चालणारं मांजर पुन्हा पंजांवर उभं राहतं. सगळं छान चाललंय म्हणून मोजणी सोडणारे लोक नेमके इथे अडकतात, कारण कालपर्यंत योग्य असलेला डोस आज जास्त होतो. या काळात मोजणी वाढवा आणि डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने अर्ध्या युनिटच्या पायऱ्यांनी उतरवत न्या. इन्सुलिन बंद झाल्यावरही आठवड्यातून एकदा शुगर आणि महिन्यातून एकदा वजन बघत राहा, खाणं तेच ठेवा, आणि पुढे कधीही कुठल्याही डॉक्टरांकडे नेलंत तर स्टेरॉइड लिहिण्याआधी हा इतिहास त्यांच्या कानावर घाला.